केरबाच्या गियरचं कव्हर

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. बाकीचं गाव दुसरा शब्द वापरायचं, पण इथं बायाबापड्या आणि पोरंसोरं बसलीत, म्हणून मी आईचाच घेतला.

नाव केरबा. त्यानं चार जणांनी वापरून टाकलेली एक मोटार घेतली होती. तिच्या गियरचा दांडा बाजारातनं परतणाऱ्या दारुड्यासारखा झुलायचा. दांड्याच्या बुडाशी कातड्याचं कव्हर असतं बघा, वर निमुळतं, खाली पसरट, परकरासारखं. ते फाटून गेलेलं. त्या भोकातनं खालचा रस्ता दिसायचा. नुसता दिसला असता तर चाललं असतं, पण तो आत यायचा. एकदा त्याची बायको मालन नवी कोरी साडी नेसून माहेरी निघाली, आणि उतरली तेव्हा वीटभट्टीवरनं आल्यासारखी दिसत होती. ती तिकडंच राहिली.

तिकडनं निरोप आला. नवा दांडा बसवा, भोक झाका आणि गुरुवारी मला न्यायला या. आबा गाडी बघतील. ते हो म्हणाले तर येईन, नाहीतर तुम्ही आणि तुमची मोटार सुखानं नांदा.

आबा म्हणजे तिचे वडील, सिद्रामआबा. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. जावयाला ते माणसात धरत नव्हते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

केरबानं शहरातनं नवा दांडा आणला. आखूड, चकचकीत, वर काळी गोल मूठ. रफिक मिस्त्रीनं तो बसवून दिला. कव्हरासाठी केरबा गेला गजाननकडं. गजानन गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा.

"नवं पाहिजे असेल तर जुनं घेऊन ये," गजानन म्हणाला. "जुनं उसवतो आणि त्याच्यावर नवं बेततो. आणि नव्या दांड्याचं नेमकं माप आण. बोटभर जास्त नको."

"बरं झालं सांगितलंत," केरबा म्हणाला. "आता चुकायचो नाही."

त्यानं जुनं नेलं. दांडा मधोमध उभा करून सुतळीनं माप घेतलं, तेही नेलं. गजाननानंही डोकं चालवलं नाही. त्याचा सगळा जन्म सीटवर गेला, आणि सीट कुठं जात नाही. कव्हर असं बसलं, की बोट मारलं तर हलगीसारखं वाजायचं. दांडा मात्र ना पहिल्या गियरला जाई, ना दुसऱ्या. इंजिन चालू, केरबा आत, आणि गाडी जागच्या जागी. तासभर तसा बसला. त्याला वाटलं, गाडी नव्या दांड्याला लाजतीय.

रफिकनं ते बघून कपाळाला हात लावला. "लेका, जे हलायचं असतं ते सैल ठेवावं लागतं. चारी बाजूला जाईल एवढा घोळ सोड."

"बरं झालं सांगितलंत. आता चुकायचो नाही."

गजाननानं घोळ सोडून दिला. गियर पडायला लागला. केरबा इथंच थांबला असता तर मला ही गोष्ट सांगता आली नसती, म्हणून मी त्याचा आभारी आहे. घरी जाऊन त्यानं विचार केला. विचार करायची त्याला सवय नव्हती, पण घरात अडवणारंही कुणी नव्हतं. गाडीत आणखी काय हलतं? चाकं हलतात. त्यानं पाना घेतला आणि चारही चाकांचे नट सैल केले.

सकाळी गाडी चावडीपुढं आली, तशी पुढचं डावं चाक गाडी सोडून पुढं निघालं. तिथं व्यायामशाळेचं उद्घाटन चाललं होतं. सरपंच कात्री शोधत होते. चाकानं फीत तोडली आणि ते आत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गावात कशालाही टाळ्या वाजवतात. म्हणून तर ते सरपंच होते.

रफिकनं चाक आणून बसवलं. केरबाला लांब उभा करून सगळे नट स्वतः आवळले. "गाढवा, जे निसटून जाईल ते आवळून ठेवायचं. गच्च. जागचं हलता कामा नये."

"बरं झालं सांगितलंत. आता चुकायचो नाही."

गुरुवारी केरबा सासुरवाडीला पोचला. आबा गाडीत बसले. खोट काढायची म्हणून त्यांनी गल्लीतनं तीन फेऱ्या मारल्या. दांडा नुसत्या बोटानं पडत होता. आत धुळीचा कण नाही. खोट सापडेना, तसं आबांचं तोंड पडलं. "बरी आहे," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी कुठल्या गाडीला बरी म्हटलं नव्हतं. मालनची पिशवी बाहेर आली. मालन पुढच्या सीटवर बसली.

झालंच होतं की हो काम. फक्त गाडी चालू करायची राहिली होती.

केरबानं बायकोकडं बघितलं. ही एकदा निसटून गेली होती. त्यानं डिकीतनं म्हशीचा कासरा काढला आणि मालनला सीटसकट पाच वेढे घातले. गाठ मारताना सीटवर पाय रोवला.

"मी काय म्हैस आहे?" मालन म्हणाली.

"छे," केरबा म्हणाला. "म्हशीला मी एवढं आवळत नाही."

आबांनी विळ्यानं कासरा कापला. मालन घरात गेली, आतनं कडी लावली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही आता नवी बायको आणा."

आबा विळा घेऊन उंबऱ्यावर बसले. त्या घरात मायाळू अशी एकटी सासू, कृष्णाबाई. ती म्हणाली, जावईबापू, चला, मी तुमच्या आईकडं येते, आम्ही दोघी बसून यातनं मार्ग काढतो. आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

केरबा गाडी चालवत विचार करत होता. नवी बायको. नवं पाहिजे असेल तर काय करायचं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आठवलं. त्यानं आरशातनं सासूकडं बघितलं. तेच नाक, तीच हनुवटी. त्याला हुरूप आला. गाडी घराकडं न नेता त्यानं थेट बाजारात नेली.

गजाननच्या दुकानापुढं त्यानं मागचं दार उघडलं आणि सासूला हात धरून उतरवलं. सासूला वाटलं, जावई सुधारला, साडी घेतोय.

"गजाभाऊ," केरबा म्हणाला, "हे जुनं आणलंय. ह्याच्यावर नवं एक बेतून द्या. घोळ सोडा, ते घरभर हलणारं आहे. पण बुडाशी गच्च आवळा, निसटायला नको. जुनं उसवलंत तरी चालेल."

गजाननानं सवयीनं गळ्यातली टेप काढली. मग सासूचा चेहरा बघितला. मग शटर खाली ओढलं. आतनं.

कृष्णाबाई पुढच्याच एसटीनं परत गेली. केरबा शटरवर थापा मारत राहिला.

"गजाभाऊ," तो म्हणत होता, "माप घेतलंत ना? जुनं निघून गेलं."