परवाची चौकट

“म्हणजे सही करणार नाही तुम्ही, सर?”

बुवांनी पहिलं पान उलटलं. मांडीवर डॉक्टरांनी आणलेली जाड फाईल होती, आणि हातात डॉक्टरांनीच पुढे केलेलं पेन.

आमचे बुवा टेकडीवरच्या या मठात येण्याआधी मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. संशोधनातली चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. डॉक्टर यशोधन मराठे त्यांचे जुने विद्यार्थी, म्हणून सगळी टेकडी ज्यांना बुवा म्हणते त्यांना ते सर म्हणत होते. मी मठात स्वयंपाक करते. आकड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण ते तीन दिवस माझं निम्मं लक्ष चुलीवर आणि निम्मं ओसरीवर होतं.

“सही करीन की,” बुवा म्हणाले. “आधी वाचू दे.”

“सारांश पहिल्या पानावर आहे. पाच मिनिटांचं काम.”

“किती रोगी?”

“बावन्न. सगळे क्रॉनिक फटीगचे. वर्षानुवर्षं थकवा जात नाही, झोपून उठलं तरी जात नाही. बारा आठवडे दर बुधवारी साताऱ्याच्या दवाखान्यात बोलावून त्यांना चालवलं. दर आठवड्याला थोडं जास्त. शंभरात चौऱ्याऐंशी सुधारले, सर.”

“बावन्नपैकी?”

“ज्यांचे शेवटचे फॉर्म आले त्यांच्यापैकी. एकतीस आले. त्यातले सव्वीस सुधारले.”

“आणि उरलेले एकवीस?”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “त्यांचे फॉर्म आलेच नाहीत. या लोकांची इच्छाशक्ती कमी पडते, सर. त्याला मी काय करणार...”

बुवांनी पेन उघडलं आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढून पाहिली.

“हिरवी शाई?”

“दवाखान्यात सगळीकडे हिरवीच ठेवतो, दोरीने बांधून. हिरवं पेन कोणी घरी नेत नाही.” स्वतःच्या हुशारीवर ते हसले.

बुवांनी पेनाला टोपण लावलं. “परिषद कधी आहे?”

“शनिवारी, पुण्याला. तीनशे डॉक्टर येतायत. त्यानंतर हाच कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात सुरू व्हायचाय. तुमची सही असली की कोणी शंका काढणार नाही. आणि ताई स्वतः चालत व्यासपीठावर येईल. पुरावा समोरच बसलाय, सर.”

पुरावा खांबाला टेकून बसला होता. वृंदाताई त्यांची थोरली बहीण, त्या बावन्नांतलीच एक. साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी तापाने पडल्या. ताप उतरला, थकवा राहिला, मग नोकरीही सुटली. त्या दिवशी, बुधवारी, त्या मठाच्या साठ पायऱ्या चढून आल्या होत्या आणि भावाने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. चेहरा हसरा होता. हात मात्र त्यांनी पदराखाली धरून ठेवले होते.

बुवा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“परवापर्यंत राहा,” ते डॉक्टरांना म्हणाले.

“परवा? सर, शुक्रवारी मला पुण्यात पोचायला हवं. इथे मोबाईलला रेंज नाही, माणसं मला शोधत असतील...”

“सही परवा.”

डॉक्टर राहिले. पण कसे राहिले ते मी पाहिलं आहे.

त्यांना बसवत नव्हतं. चहा उभ्याने प्यायचे. रेंज मिळते म्हणून मागच्या औदुंबरापर्यंत जायचे, फोन करायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. आमच्या ओसरीला चौदा खांब आहेत ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. मी पंधरा वर्षं इथे आहे, कधी मोजले नव्हते.

“बसा की जरा, डॉक्टर,” मी म्हटलं. “खांब काय पळून जात न्हाईत.”

बुवा मात्र वाचत होते. एक फॉर्म उचलायचा, उजेडाकडे धरायचा, खाली ठेवायचा. दुपारपर्यंत पहिल्या दहा फॉर्मांच्या पुढे ते गेले नव्हते. मधूनच गेलेल्या फॉर्मावर परत यायचे.

“काय शोधताय, सर?”

“वाचतोय.”

“त्यातले सगळे आकडे तक्त्यात घेतलेत मी.”

“हो का...”

गुरुवारी सकाळी ताई आपल्या पायांनी ओसरीवर आल्या. मी मेथी निवडत होते, तर हौसेने जुडी मागून घेतली. भाऊ औदुंबराखालून धावत आला.

“बघितलंत, सर? काल साठ पायऱ्या, आणि आज ही भाजी निवडतेय.”

बुवांनी मान वर केली. “आज गुरुवार,” ते म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

डॉक्टर रागाने निघून गेले. ताईंनी अर्धी जुडी तशीच खाली ठेवली.

“मावशी, उद्या मला उठवू नका हं.”

“का ओ?”

“उद्या येईल ते.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. “चालले की त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही ओढूनताणून निभतं. तिसऱ्या दिवशी पडते ती तीन दिवस उठत नाही. दिव्याचा उजेडसुद्धा सहन होत नाही. सोमवारी जरा सावरते, तेव्हा कुठे बुधवारी उभी राहते. यशू बुधवारीच येतो आणि संध्याकाळी पुण्याला जातो. त्याला कसं दिसणार?”

“मग सांगत का न्हाई?”

“आई गेली तेव्हा तो नववीत होता. मी वाढवलाय त्याला. दोन वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नाही हो, माझ्यासाठी... तोंडावर कसं सांगू?” मग त्यांनी माझा हात धरला. “तुम्हीही सांगायचं नाही. शपथ आहे.”

मी हो म्हटलं, आणि मग मला राग आला. भावाचा आला, बहिणीचा आला, आणि सगळ्यात जास्त हो म्हटल्याबद्दल माझा स्वतःचा आला. त्या दिवशी आमटी खारट झाली.

शुक्रवारी ताई उठल्या नाहीत.

मी खिडकीला घोंगडी लावली. चमच्याने पेज भरवायला गेले, तर चार चमच्यांनंतर गिळायचेही कष्ट व्हायला लागले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली.

“सगळं नॉर्मल आहे,” ते बाहेर येऊन म्हणाले. पाठोपाठ ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. “पायऱ्यांचा संबंध नाही, सर. पायऱ्या बुधवारी चढली. काल ठणठणीत होती. प्रवासाची दगदग असेल, नाहीतर इथलं पाणी... औषध देतो. दुपारी निघालो तरी उद्या सकाळपर्यंत उभी राहील.”

“चार जणांनी उचलून गाडीत ठेवली तर,” मी म्हणाले. माझ्याच्याने राहवलं नाही.

बुवांसमोर फॉर्मांचे दोन गठ्ठे होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकावर माझा वरवंटा होता, दुसऱ्यावर अडकित्ता. वरवंट्याखालचा गठ्ठा जाड होता.

“हे गठ्ठे कसले?” डॉक्टरांनी विचारलं.

“शाईचे.”

“शाईचे?”

“तुझा फॉर्म मला समजावून सांग.”

“त्यात काय समजवायचं? दोन चौकटी आहेत. ‘आजची स्थिती’, ती शेवटचं चालून झाल्यावर तिथेच भरायची. ‘परवाची स्थिती’, ती घरी जाऊन दोन दिवसांनी भरायची, आणि मग फॉर्म पोस्टाने पाठवायचा. श्रम केले की थकवा नंतर उलटतो, असं या आजाराबद्दल बोललं जातं. कोणी बोट ठेवायला नको म्हणून मी मुद्दाम ती चौकट घातली. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही, सर.”

“दोन दिवसांनी भरायची, हे त्यांना कोणी सांगितलं?”

“छापलंय की स्पष्ट. ‘परवाची स्थिती’.”

मी तांदूळ पाखडायचं सूप घेऊन समोरून चालले होते. बुवांनी हात वर करून मला थांबवलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे.

“परवा?” त्यांनी विचारलं. एवढंच.

“परवा गिरणी बंद होती,” मी म्हणाले.

“परवा रविवार,” डॉक्टर त्याच वेळी म्हणाले.

मला हसू आलं. डॉक्टरांनाही येत होतं... मग ते थांबलं.

बुवांनी वरवंटा उचलला.

डॉक्टर खाली बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना मांडी घालून बसलेलं पाहिलं. त्यांनी वरचा फॉर्म घेतला. दोन्ही चौकटी हिरव्या. दुसरा घेतला. दोन्ही हिरव्या. मग ते भराभर पुढे गेले, आणि सव्वीसाव्याला हात मंदावला.

“दोरीने बांधलेलं पेन,” बुवा हळूच म्हणाले.

“तिथेच भरले... दोन्ही एकदमच.” डॉक्टर स्वतःशीच बोलत होते. “मी सगळे पोस्टाने आलेले धरले. कंपाउंडरने एकाच फाईलला लावले होते.”

त्यांनी अडकित्त्याकडे पाहिलं. त्याखाली पाच फॉर्म होते. तक्त्यात ‘सुधारणा नाही’ म्हणून टाकलेले तेच पाच. त्यांची पहिली चौकट हिरवी होती. दुसरी एकाची निळी होती, एकाची काळी, दोघांची पेन्सिलीने लिहिलेली. एकाची वेगळ्याच हस्ताक्षरात होती. डॉक्टरांनी ती मोठ्याने वाचली.

“‘मुलीने लिहिले आहे. आई अंथरुणात आहे.’”

“आणि बाकीचे चार?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

डॉक्टरांनी ते चारही एकेक करून खाली ठेवले.

“एकवीस आलेच नाहीत, म्हणालास,” बुवा म्हणाले.

आत ताई कण्हल्या. डॉक्टरांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. इच्छाशक्तीचं त्यांनी पुन्हा काही काढलं नाही.

मग ते एकदम वरवंट्याखालच्या गठ्ठ्यावर तुटून पडले. कोणता फॉर्म शोधतायत ते मला कळलं. बुवांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तो आधीच तळाशी वेगळा काढून ठेवला होता. भूगोलाच्या बाईंचं सुवाच्य, गोलाकार अक्षर, हिरव्या शाईत.

“‘परवा — बरी होते.’” डॉक्टरांच्या आवाजात जीव आला. “हे बघा सर. हिने तरी बरोबर लिहिलंय. परवापर्यंत बरी होते, म्हणजे होईन. बरी होते...”

बुवांनी ‘परवा’ या शब्दावर बोट ठेवलं.

“बरी होते,” डॉक्टर पुन्हा म्हणाले. या वेळी हळू.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांची बहीण बरी होत होती. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती सोमवारची गोष्ट सांगत होती. चालायच्या आधीची. अक्षर तेच, काना-मात्रासुद्धा इकडची तिकडे झालेली नव्हती.

डॉक्टर तो कागद हातात धरून बसून राहिले. उन्हं पायरीवरून ओसरीत आली तरी हलले नाहीत. मला त्यांची दया आली, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. घरच्या माणसावर जीव पाखडला होता त्यांनी, आणि तोच जीव तिला दर आठवड्याला अंथरुणाला खिळवत होता.

“चौकटीत मी तारीख छापली असती तर...” ते म्हणाले.

बुवांनी ते हिरवं पेन त्यांच्यासमोर ठेवलं आणि उठले.

डॉक्टरही उठले. आतल्या खोलीत अंधार होता. ते बहिणीच्या उशाशी गुडघ्यावर बसले. बुवा दाराशी थांबले, आणि मी पेजेची वाटी घेऊन त्यांच्या मागे.

खिशातला फोन खणखणला. कधी नव्हे ती रेंज आली होती. ताईंनी कपाळ आवळलं. डॉक्टरांनी घाईघाईने फोन काढला, नाव पाहिलं. परिषदेवाल्यांचा असणार. एक क्षण बोट अडखळलं, मग त्यांनी तो बंदच करून टाकला.

“ताई,” ते म्हणाले. “कसं वाटतंय गं तुला? खरं सांग.”

ताईंनी कष्टाने डोळे किलकिले केले. भावाचा चेहरा दिसला, आणि चार वर्षांच्या सवयीने त्यांचे ओठ हलले.

“बरी...”

“नको,” बुवा दारातून म्हणाले. “आज नको विचारूस तिला.”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. परिषद उद्यावर आली होती.

“मग कधी विचारू, सर?”

“परवा.”