मस्कत पाहिलेला नांगर

गलबतं शिडावर चालत तेव्हाची गोष्ट. गलबताचा म्हातारा नांगर दोरावरच्या खेकड्याला ऐटीत म्हणाला, "मी मस्कत पाहिलंय, कोचीन पाहिलंय."

"कसं आहे मस्कत, आजोबा?"

नांगर विचारात पडला. बंदर आलं की त्याला तळाशी सोडत, निघताना वर ओढत.

"तिथे चिखल आहे."

"आणि कोचीन?"

"तिथला चिखल जरा मऊ." त्याला स्वतःचंच हसू आलं.

तेवढ्यात वादळ उठलं. गलबत खडकांकडे ओढलं जाऊ लागलं. तांडेल ओरडला, "नांगर टाका!" नांगर तळाशी रुतला. दोर ताणला, तरी त्याने चिखल सोडला नाही.

खेकडा दोरावरून खाली आला. "आजोबा, वर केवढ्या लाटा! चला बघायला!"

"तूच बघ, बाबा. मी वर आलो, तर सगळे खाली येतील चिखल बघायला."