शेवटचा हात कुणाचा

फार पूर्वी एका सकाळी, बरोबर सव्वासातला, तुळाजी न्हाव्याच्या धोकटीत भांडण पेटलं. आठ वाजता एका तान्ह्या बाळाचं जावळ होतं आणि वस्तऱ्याला धार लावताना शेवटचा हात कुणाचा, हेच ठरेना.

"माझाच!" खरखरीत कुरुंदाचा दगड गरजला. "मी घासतो तेव्हा साऱ्या आळीला ऐकू जातं. ही दगडी पाटी तर मेली चोरासारखी गप्प!"

गुळगुळीत काळी पाटी म्हणाली, "दादा, धार तुम्हीच आणता. मी फक्त तुमचे ओरखडे पुसते."

म्हातारा वस्तरा मोठा मानी होता. "कुरुंदा, पैलवानाच्या दाढीला तुझी धार चालेल. आज टाळूही न भरलेल्या डोक्यावरून फिरायचंय. आजवर एकाही बाळाचं रक्त मला लागलेलं नाही!"

असं म्हणून तो आधी कुरुंदावर घासून निघाला, मग पाटीवर आडवा झाला आणि पाण्याच्या थेंबावरून मुकाट सरकू लागला.

जावळाला आईने भीतीने डोळे गच्च मिटले होते. उघडले, तर डोकं लख्ख झालेलं आणि बाळ मामाच्या मांडीवर गाढ झोपलेलं!

"पाटीबाई, जिंकलीस गं!" वस्तरा दिमाखात चमकला.

कुरुंद जरा खाकरला. "गावभर सांगा, बाळाच्या जावळाला शेवटचा हात पाटीचाच. आणि पहिला माझा होता, तेही सांगा बरं का!"