आबांची पाठ

"मग आबांना जखम झाली कशी?" केवळनाथ महाराजांनी विचारलं.

अच्युतनं दाराकडे पाहिलं.

मठाच्या रुग्णाश्रमात अंथरुणाला खिळलेली माणसं होती. त्यांची देखभाल महाराजांनी या शिष्यावर सोपवली होती, कारण तो शहरातल्या इस्पितळात शिकून आला होता. त्यानं सेविकांचे वर्ग घेतले, परीक्षा घेतल्या, रोजची पाहणी सुरू केली. आणि आज सकाळी रामजीआबा गेले. पडून राहून पाठीवर झालेला बेडसोअर चिघळून.

"शिकवण्यात मी कमी पडलो नाही, महाराज," तो म्हणाला. "वेळच्या वेळी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की लगेच सांगायचं. सगळ्यांना तोंडपाठ आहे. हयगय यांनी केली."

आबांची सेविका शेवंताबाई दाराशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

"बाई, तुम्हाला लाल दिसलं होतं?" महाराजांनी विचारलं.

"दिसलं होतं."

"मग सांगितलं नाहीत?"

"गोदाबाईनं तिच्या पेशंटचं सांगितलं होतं... तर अच्युतदादांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मला भीती वाटली, महाराज."

महाराज अच्युतकडे वळले. "आणि तुझी पाहणी?"

"रोज करत होतो. आबा कुशीवर वळवलेले असायचे."

"पाठ पाहिलीस?"

"वरून."

"सदरा वर करून?"

"नाही."

महाराजांनी पाण्याची बादली त्याच्यापुढे सरकवली. "त्यांना आंघोळ घाल."

अच्युतनं आबांना कुशीवर घेतलं. अंग अगदी हलकं झालं होतं. सदरा जखमेला चिकटला होता, तो पाणी लावून लावून सोडवावा लागला. खाली तळहाताएवढा खड्डा होता. आत हाड दिसत होतं.

आबा कधी कण्हले होते का? त्याला आठवेना.



"शेवंताबाई," तो हळूच म्हणाला, "जरा धरता का?"

ती आली. दोघांनी मिळून पाठ धुतली, पुसली, जखमेवर स्वच्छ फडकं ठेवलं.

"आता उताणं निजवतो," अच्युत म्हणाला.

हात आडवा धरत महाराज म्हणाले,

"नको... दुखेल त्यांना."