सुंदराकाकीने उतरवलेला मांडव

फार पूर्वी, परसात पिकेल तेच ताटात पडायचं त्या काळी, समुद्राकाठच्या एका गावात सुंदराकाकी नावाची एक बाई राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जीभ तिखट, हात कामाला चपळ, आणि परसात वालाचा वेल असा की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून बघावा.

त्या गावाची एक रीत होती. तुळशीचं लग्न साऱ्या गावात मिळून एकच लागायचं, आणि ते लागायचं कुणाच्या तरी परसातल्या वेलाच्या मांडवाखाली. गणपती गेले की गावकार, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, चार माणसं घेऊन घरोघरची परसं बघत फिरायचा. ज्याचा मांडव सगळ्यांत उंच नि दाट, त्याच्याकडे लग्न. एकदा मांडव ठरला की लग्न लागेपर्यंत त्याच्या पानाला कोयता लावायचा नाही नि खांब हलवायचा नाही. हलवला की मान गेला.

काकीचा वेल दरवर्षी सगळ्यांना भारी असायचा, आणि मान मात्र दरवर्षी शेजारी तिच्या धाकट्या दिराकडे, भिकाजीकडे जायचा. का, तर बाई एकटी. आता वेलाला काय कळतं, मालकीण सवाष्ण आहे की विधवा? पण माणसांना कोण सांगणार. काकी लग्नाच्या दिवशी भिकाजीच्या अंगणात सगळ्यांच्या मागे गोठ्याला टेकून उभी राहायची, अक्षता टाकायची आणि प्रसादाला न थांबता घरी यायची.

त्या वर्षी वाल असा माजला की नाकारायला जागाच उरली नाही. गावकाराने दोनदा फेरी मारली, मान वर करकरून बघितलं, भिकाजीच्या दुधीत काही बरं सापडतं का तेही चाचपलं. शेवटी नाइलाजाने म्हणाला, "सुंदराबाय, यंदा तुझ्याकडे."

काकी आत गेली आणि चुलीपुढे बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अंगण सारवायला घेतलं. लग्नाला अजून दिवाळी ओलांडायची होती, पण तिला दम कुठला?

आणि मग एक दिवस वारा पडला. पान हलेना. अंगाला नुसती चिकचिक. समुद्र लांबून घुमायला लागला. काकी मासे आणायला किनाऱ्यावर गेली तर टोपल्या रिकाम्या. बायका बसल्या होत्या हात चोळत, आणि पुरुष होड्या ओढत होते. नेहमीच्या जागी नाही, पार वर, केवड्याच्या बनापर्यंत. शिडं उतरवून गुंडाळलेली, डोलकाठ्या आडव्या केलेल्या, होड्या माडांना जखडलेल्या. एक कोळीण म्हणाली, "काकी, घरी जा. मोठं येतंय."

काकी रिकामी टोपली घेऊन परतली आणि आपल्या मांडवाखाली येऊन बसली. वर बघितलं. गच्च पानं, उन्हाचा कवडसासुद्धा खाली उतरत नव्हता. जितका दाट तितका वारा धरणार. हे तर शीडच. कोळी आपली शिडं उतरवतात आणि आपण हे उभारून बसायचं?

उतरवावा तर मान जातो. इतक्या वर्षांनी आलेला, आपल्याच हाताने घालवायचा. ठेवावा तर वेल मुळासकट जातो, आणि घरातलं बियाणं तर तिने सगळं या मोसमाला पेरून टाकलेलं. सासूच्या हातचा तो वाल, दुसरीकडे कुठे नव्हता. काकी उठली, पदर खोचला आणि कोयता घेतला.

आधी तिने हाताला लागतील त्या शेंगा तोडल्या. मग शेंडे छाटले. मग बंध सोडून एकेक काठी काढली, खांब उपटले, आणि उरलेला वेल लहान मुलाला झोपवावं तसा हळूहळू जमिनीवर आणून वेटोळा करून ठेवला. त्यावर पेंढा, पेंढ्यावर गोणपाट, गोणपाटावर दगड. केळींची मोठी पानं कापून टाकली. परसातून ओढ्यापर्यंत पाट खणला. विहिरीचं गोडं पाणी हंड्यांत नि रांजणांत भरून झाकून ठेवलं.

तोवर कुंपणावर गाव गोळा झालं होतं. बायका चुकचुकत होत्या. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला असेल. भिकाजी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मान झेपत नव्हता तर सांगायचं होतं. असा मोडून दाखवायची काय गरज होती?"

"भावोजी, तुमचाही उतरवा. मी येते हात लावायला."

"माझा? माझा मांडव काय तुमच्या वालाच्या काटक्या आहेत? सागाचे खांब आहेत."

गावकाराने तिथल्या तिथे सांगून टाकलं की मान मोडला, लग्न भिकाजीकडे. काकीने कोयता धुतला आणि घरात गेली. पाठीमागे कुणीतरी फिदीफिदी हसलं ते तिने ऐकलं.

भिकाजीने मात्र रीत तंतोतंत पाळली. एक पान तोडलं नाही. उलट काथ्याचे जाड दोर आणले आणि मांडव चारी बाजूंनी ताणून थेट घराच्या वाशांना बांधला. आता कुठे जातो बघू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. त्याचं वर्णन काय करायचं, ज्याने बघितलं त्याला सांगायला नको आणि ज्याने बघितलं नाही त्याला पटायचं नाही. माड झाडूसारखे वाकले, समुद्राचं पाणी उडून परसापर्यंत आलं. भिकाजीच्या सागाच्या खांबांना काही झालं नाही, हे खरं. पण वरच्या दाट वेलात वारा शिरला, मांडव सुपासारखा उचलला गेला, आणि दोर पक्के असल्यामुळे जाताना घराचे वासे नि अर्ध्या छपराची कौलं बरोबर घेऊन गेला. भिकाजी, त्याची बायको नि पोरं भिजत वहिनीच्या दारात आली. तिने दार उघडलं, कोरडी लुगडी दिली, पिठलं टाकलं.

वारा निवला तेव्हा गावात एकही मांडव उभा नव्हता. लोक धावत परसात गेले. चिखल तुडवत पडलेले वेल ओढले, दुसऱ्या खांबांना करकचून बांधले. ते दोन दिवस हिरवे दिसले आणि मग सुकले. मुळं तुटली होती, त्यात खारं पाणी, त्यात वरून माणसांचे पाय. जगणार कसे?

काकी पाणी पाटाने वाहून जाईपर्यंत परसात उतरलीच नाही. मग फळी टाकून तिच्यावरून चालत गेली, दगड काढले, गोणपाट काढलं. खाली वेल पिवळा, मरगळलेला. शेजारीण बघून म्हणाली, "एवढं करून हाही गेलाच की, काकी."

"जाईल तेव्हा बघू," काकी म्हणाली.

तिने रांजणातल्या गोड्या पाण्याने पानापानावरचं मीठ धुतलं, बुंध्याशी पाणी घातलं, कुजकं ते कापलं आणि रोज सकाळी येऊन नुसतं बघून जायला लागली. एका सकाळी बुंध्याशी तांबूस कोंब दिसला. मग एक नाही, जिकडे तिकडे कोंब. काढून ठेवलेले खांब पाण्याने नेले होते, म्हणून मोडक्या बांबूंचे जे तुकडे मिळाले त्यांचा तिने मांडव घातला. तुकडे आखूड, त्यामुळे मांडव जेमतेम खांद्याएवढा. वाल त्यावर सरसरत गेला आणि दिवाळी सरताना जांभळ्या फुलांनी भरला.

गावकार आला तो खाली बघतच. म्हणाला, गावात हिरवं आहे ते एवढंच. लग्न इथेच लावावं म्हणतो. कन्यादानाला भिकाजी नि त्याची बायको बसतील, म्हणजे रीतही राहील.

काकीने शेंगा निवडता निवडता वर बघितलं.

"तुळस माझी, अंगण माझं, वेल माझा. कन्यादान मी करणार. आणि पुढच्या सालापासून मानाच्या मांडवाला गरज पडली तर कोयता लागेल. हे कबूल असेल तर लग्न लावा. नसेल तर वाट मोकळी आहे."

गावकाराने डोकं खाजवलं. पण करतो काय? कबूल झाला.

लग्नाला सगळं गाव लोटलं. मांडव ठेंगणा, ताठ चालत आत शिरायची सोयच नव्हती. गावकार पागोटं हातात घेऊन वाकला. फिदीफिदी हसणारे वाकले. भिकाजी उंच, तो दारातच बांबूला आपटला आणि कपाळ चोळत उभा राहिला.

काकी तुळशीजवळ पाटावर बसली होती, सगळ्यांच्या पुढे.

"वाका भावोजी," ती म्हणाली. "आणि असे इकडे माझ्या शेजारी बसा. अक्षता धरा."

भिकाजी वाकला, येऊन बसला. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, आणि त्या वर्षी काकी प्रसाद वाटून संपेपर्यंत जागची हलली नाही. शेंगा वाळल्यावर तिने घरटी मूठभर बी दिलं. हसणाऱ्यांनाही दिलं. देताना चार शब्द सुनावले, तेवढं तिचं चालायचंच.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: वादळ येताना दिसलं की मिरवायचं ते खुशाल खाली उतरवावं आणि मूळ राखावं. मूळ राहिलं तर गेलेला मान आपल्या पायांनी दारात येतो.