भुकेपासून उंच धरलेलं फूल

फार फार पूर्वी एका उघड्या कातळावर दवबिंदू नावाचं एक इवलंसं रोप राहत होतं. कातळावर माती ती केवढीशी! तिच्यानं पोट भरेना, म्हणून ते पानापानावर चिकट थेंब चमकवत बसे आणि दव समजून टेकलेल्या किड्याला हळूच कवेत घेऊन पचवून टाकी.

एके सकाळी एक लहानगी मधमाशी पानापाशी घुटमळली. "मावशी, घोटभर दव घेऊ?"

रोप कित्येक दिवसांचं उपाशी होतं. त्याची पानं शिवशिवली. पण असं विचारून येणारं त्याला आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

"नको गं बाई! ते दव नाही, माझी भूक आहे," रोप कळवळून म्हणालं. "वर त्या लांब दांड्यावर माझं फूल आहे, तिथं बस. तिथवर माझं पान पोचत नाही. मुद्दामच उंच धरलंय."

माशी तहान विसरून फुलात मनसोक्त लोळली आणि पायांना पराग माखून उडाली. "येते हं, मावशी!"

रोप उपाशीच राहिलं. पण त्याच्या दारी आलेलं कुणी आजवर "येते" म्हणून गेलं नव्हतं.