अडकलेली खुंटी

“अजून काय शिकायचं राहिलंय माझं, तेवढं तरी सांगा.”

सुकुमार मगदूमनं गाडीच्या मडगार्डात डोकं खुपसूनच विचारलं. समोरासमोर विचारायचं धाडस त्याला आजवर कधी झालं नव्हतं.

बाबालाल मिस्त्री जुन्या टायरवर बसून विडी ओढत होते.

“वस्ताद, तुम्हाला विचारतोय...”

“ऐकायलोय. हात चालू दे.”

कुरुंदवाडच्या नाक्यावर बाबालाल मिस्त्रींचं गॅरेज. तिथला एक दंडक साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. शिकलेला गडी स्वतःचं दुकान थाटायला निघाला, की वस्तादांनी तोंडानं ‘जा’ म्हणायचं. त्याआधी जो गेला तो पळपुटा. त्याच्या दारात गिऱ्हाईक येईल एकवेळ, पण दुसरा मिस्त्री साधा पाना मागायलासुद्धा येणार नाही.

सुकुमारनं जयसिंगपुरात एक शेड बघून ठेवली होती. शेडचा मालक भला माणूस, बरेच दिवस थांबला. आज सकाळी मात्र त्यानंही हात टेकले. संध्याकाळपर्यंत किल्ली न्यायला ये, नाहीतर दुसऱ्याला देतो, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं. इकडे सुकुमारच्या बायकोनं भांडी केव्हाच बांधून ठेवली होती आणि बिचारी रोज स्वयंपाकाला तीच सोडत होती.

आणि नेमकी आजच ही गाडी आडवी आली.

काम तसं किरकोळ. पुढचं चाक वळवणारी जी दांडी असते, तिच्या टोकाला एक निमुळती खुंटी असते. टाय रॉड एंड म्हणतात त्या टोकाला. ही खुंटी चाकामागच्या लोखंडी कानात घट्ट बसते. टोक झिजलं की खुंटी काढायची आणि नवं टोक घालायचं. सुकुमारनं पिन काढली, नट सैल केला. खुंटी काही जागची हलेना.

मग त्यानं खुंटी ओढून काढायचा आपला पुलर लावला. हा पुलर त्यानं कोल्हापूरहून हौसेनं आणला होता, आणि ‘आमच्या वस्तादांकडे हातोड्याशिवाय आहे काय’ असं चारचौघांत बोलूनही झालं होतं. आज त्या पुलरचे पाय फाकले. सुकुमारचं डोकं फिरलं. त्यानं हातोडा उचलला आणि खुंटीच्या टोकावरच घाव घालायला सुरुवात केली.

घाव खुंटीवर पडत होते, राग वस्तादांवर निघत होता.

“मी कुठं कमी पडलो?” ठण्ण. “इंजिन शिकलो.” ठण्ण. “गिअरबॉक्स शिकलो.” ठण्ण. “वेल्डिंग कच्चं आहे म्हणालात, तेही पक्कं केलं.”

“मग?”

“मग तुम्ही म्हणालात, बघू.”

ठण्ण.

वस्तादांनी विडी विझवली आणि उठून जवळ आले. त्यांनी खुंटीच्या टोकावरून अंगठा फिरवला.

“डोकं फुलवून ठेवलंस की रं तिचं. आता तर नट बी निघायचा न्हाई.”

सुकुमारचा चेहरा उतरला. सूर्य माथ्यावरून कलला होता, आणि जयसिंगपूरची किल्ली त्याला डोळ्यांपुढं दुसऱ्याच कुणाच्या हातात दिसायला लागली.

“सर जरा.”

वस्ताद उकिडवे बसले. लोखंडी कानाच्या एका बाजूला त्यांनी जड हातोडा नुसता टेकवून धरला. दुसरा हलका हातोडा घेऊन त्यांनी कानाच्या दुसऱ्या बाजूला एक घाव घातला. काही झालं नाही. त्याच जागी त्यांनी आणखी एक घाव घातला.

खट्.

खुंटी सैल झाली आणि नटाला धरून खाली लोंबायला लागली. नट मागाहून कापता आला असता, त्याचं काही विशेष नव्हतं.

सुकुमारनं केवढा तरी श्वास सोडला. सकाळपासून तो छातीत कोंडून ठेवला होता, हे त्याला आत्ता कळलं.

“खुंटीला तर तुम्ही हातसुद्धा लावला नाही.”

“तिला मारून काय हुणार? ती काय आपल्या मर्जीनं बसलीया व्हय? ज्यानं धरलंय त्याला हाणायचं.”

वस्ताद चिंधीनं हात पुसायला लागले.

सुकुमार त्यांच्याकडे बघत राहिला. इंजिन, गिअरबॉक्स, वेल्डिंग... किती वर्षं तो स्वतःलाच ठोकून काढत होता.

“वस्ताद...”

“काय?”

“मला तुम्ही धरलंय.”

शब्द तोंडातून गेले आणि त्याचा जीव टांगणीला लागला. बाबालाल मिस्त्रींच्या हाताची चापट खाल्लेली माणसं त्या गावात कमी नव्हती.

वस्तादांचा चिंधीवरचा हात थांबला. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला. त्याचा आवाज पार नदीकडे विरून गेला.

“हाण की आणखी एक,” वस्ताद खाली बघतच म्हणाले. “एका घावात सुटलंय का कधी?”

सुकुमारनं वस्तादांकडे सरळ बघितलं.

“माझं शिकायचं काही राहिलेलं नाही. तुम्हालाच मला सोडवत नाही.”

“न्हाई सोडवत,” वस्ताद म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण ते ऐकलं आणि सुकुमारच्या मनातला इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठं गेला. आपण कमी पडलो नव्हतो, नकोसे तर नव्हतोच नव्हतो. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. अंगावरून कुणीतरी गाडीच उचलावी तसं त्याला हलकं वाटलं.

“मग... आजचा दिवस राहू का?”

“आत्ता कुठं सुटली, लगेच परत ठोकून बसवतोस?” वस्ताद खेकसले. मग त्यांचा आवाज खाली आला. “जा.”

सुकुमार वाकला. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात काळाकुट्ट होता आणि त्याचा ठसा सदऱ्यावर उमटला, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

“गाडीचं काम अर्धं राहिलंय.”

“मी काय मेलोय? तू किल्ली घ्यायला पळ.”

सुकुमारनं मोटरसायकल काढली. तो फाटकापर्यंत पोचला तोच मागून वस्ताद म्हणाले,

“फाटक ओढून घे.”

“भर दुपारी? गिऱ्हाईक परत जाईल की, वस्ताद.”

“जाऊ दे. उघडं राहिलं तर मी तुला परत हाक मारीन.”